भिशीतल्या काकूंनी दिलेलं ‘किडनी पॅकेज’ : डायरेक्ट सेलिंगची सप्लिमेंट्स कितपत सुरक्षित?

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

प्रश्न घरगुती आहे, पण इथे केमिस्ट, लॅबवाले, वकील असे बरेच जण आहेत म्हणून सगळ्यांसमोरच विचारतो.

माझी आत्या इथेच कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. वय ६७. शुगर-बीपी जुनंच, आता क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढून १.९ वर गेलंय. नेफ्रॉलॉजिस्टनी टेल्मिसार्टन, शुगरची गोळी आणि पथ्य असं नीट लावून दिलंय. मध्यंतरी तिच्या भिशीतल्या, डायरेक्ट सेलिंग (दुकानाशिवाय, ओळखीतून कंपनीचा माल विकणं) करणाऱ्या एका काकूंनी तिच्या गळ्यात एक संच मारला: नोनी ज्यूसची बाटली, प्रोटीन शेकचा डबा, स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि ‘डिटॉक्स’ म्हणून हिरव्या कॅप्सूल. सात हजारांच्या वर पैसे गेले. छापील बिल नाही.

मी सगळे डबे खिडकीत नेऊन वाचले. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलंय: ‘हेल्थ सप्लिमेंट. नॉट फॉर मेडिसिनल यूज.’ आणि काकूंनी वहीच्या पानावर निळ्या पेनाने लिहून दिलंय: ‘सकाळी अनशापोटी ३० मिली, रात्री ३० मिली. कॅप्सूल २-०-२. एक महिन्याने बीपीची गोळी अर्धी करणे. तीन महिन्यांत क्रिएटिनिन नॉर्मल.’ खाली हसरा चेहरा काढलाय.

आत्याला म्हटलं, डॉक्टरांना विचारलंस का? तर म्हणते, “डॉक्टर ओरडतील. आणि त्या काकू काय परक्या आहेत का? माझ्या बाळंतपणात डबा आणून दिलाय त्यांनी.”

हे खरंच घातक आहे, की मीच उगीच काळजी करतोय? आणि घातक असेल तर आत्याला कसं सांगायचं?

गंगावेस_कट्टा

भावा, सात हजारात वर्षभर गंगावेशीत उभ्या उभ्या म्हशीचं दूध पिऊन झालं असतं की. नोनी कशाला!

(आत्यांना मात्र ते पण चालणार नाही म्हणा, किडनीचं पथ्य असेल तर. डॉक्टर मंडळी बोला.)

लक्ष्मीपुरी_मेडिकल

मी केमिस्ट आहे, निदान करत नाही. पण यादी वाचून दोन गोष्टी लगेच खटकल्या.

पहिली नोनी. हा फळाचा रस आहे आणि त्यात पोटॅशियम साधारण संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसाइतकं असतं. २००० साली अमेरिकेतल्या किडनीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची नोंद छापून आली होती. किडनी अधू, पोटॅशियमचं पथ्य पाळतोय म्हणून सांगायचा, तरी रक्तातलं पोटॅशियम चढलेलं. शेवटी कळलं, की तो नोनी ज्यूस घेत होता. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दिवसाच्या ६० मिलीतलं पोटॅशियम एकट्याने फार नाही. पण आत्यांना टेल्मिसार्टन चालू आहे, ती गोळीच शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. वरून घरात ‘लो सोडियम’ मीठ असेल तर त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यावर कोणी उन्हाचं नारळपाणी दिलं, की झालंच. पोटॅशियम फार वाढलं तर पहिला फटका हृदयाच्या ठोक्यांना बसतो, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही.

दुसरा तो शेक. डायलिसिस सुरू नसलेल्या किडनीच्या पेशंटला प्रोटीन बहुधा मोजून सांगितलेलं असतं. आहारतज्ज्ञाने ताटातली डाळ कमी करायची आणि काकूंनी डब्यातून दोन चमचे वाढायचे, याला काय अर्थ आहे?

हिरव्या कॅप्सूलवर काय काय घटक लिहिलेत ते टाका इथे.

आणि ‘बीपीची गोळी अर्धी करणे’ ही ओळ मला चारही डब्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटते. ती चिठ्ठी जपून ठेवा, फाडू नका.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

कॅप्सूलवर: ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया, गुळवेल, पुनर्नवा, त्रिफळा. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं दिलेलं नाही, ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिग्रॅ’ एवढंच. आणि हो, मीठ लो सोडियमच आहे. बीपी म्हणून मीच आणून दिलं होतं.

वेलनेस_कोच_कागल

नमस्कार. मी याच क्षेत्रात आहे, कंपनीचं नाव घेत नाही. इथे एकतर्फी चाललंय म्हणून लिहिते.

आमची सगळी प्रॉडक्ट्स एफएसएसएआय (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) अप्रूव्ह्ड आहेत. मेडिकलवाले बोलणारच, त्यांचं दुकान चालायला पाहिजे. डॉक्टरांना कंपन्या काय देतात ते सगळ्यांना माहीत आहे. माझी स्वतःची गुडघेदुखी यानेच थांबली. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही: माझ्या हाताखाली चाळीसेक बायका आहेत. कोणाचा नवरा फौंड्रीतून सुटलाय, कोणी विधवा आहे. त्यांना महिन्याला दोन-तीन हजार मिळतात ते तुम्ही देणार आहात का? कोणी चुकीची चिठ्ठी दिली असेल तर ती त्या व्यक्तीची चूक. त्यासाठी सगळ्या धंद्याला नावं ठेवू नका.

गोशिमा_क्वालिटी

कोच ताई, मी एमआयडीसीत एका फूड युनिटला क्वालिटीत आहे. रोज याच कागदांत असतो म्हणून सांगतो. ‘एफएसएसएआय अप्रूव्ह्ड’ हे बोलायला सोपं आहे. डब्यावरचा १४ अंकी नंबर हा परवान्याचा असतो: अमुक ठिकाणी अमुक प्रकारचं अन्न बनवायला किंवा विकायला परवानगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘या कॅप्सूलने क्रिएटिनिन उतरतं हे सरकारने तपासलं’ असा अर्थ त्यातून निघत नाही. नियमांच्या यादीत आधीच असलेले घटक ठरलेल्या मात्रेत वापरले, तर माणसांवर चाचणी करून दाखवायची गरज पडत नाही. औषधाला जे दिव्य करावं लागतं ते इथे नाही, कारण कायद्याने हे अन्न आहे. म्हणून तर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापणं बंधनकारक आहे. २०१६ च्या नियमांपासून ते आहे. त्याच नियमांप्रमाणे कोणी घेऊ नये, कुठल्या औषधाबरोबर भांडण होतं, हेही माहीत असेल तर छापायला लागतं. तुमच्या डब्यावर ते आहे का बघा.

तो नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून बघता येतो, परवाना नक्की कोणाचा आहे ते. पुष्कळदा कंपनी फक्त मार्केटिंग करते आणि माल भलतीकडेच, दुसऱ्याच्या कारखान्यात भरलेला असतो. त्यात बेकायदा काही नाही. पण मग ‘आमच्या शेतातून थेट’ वगैरे प्लॅनच्या मीटिंगमध्ये सांगू नये.

अवांतर: ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ वाचलं की मी तो डबा परत ठेवतो.

इचल_लूम

मी सहसा इथे वाचतो फक्त. पण हे लिहायलाच पाहिजे.

आमच्या वडिलांना वजन कमी करायला असंच एक पॅकेज दिलं होतं. देणारा आमचाच पाहुणा, चुलत मेव्हणा. शेक, चहाची पावडर आणि गोळ्या. दीडेक महिन्यात भूक मेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज. पाहुण्याला फोन केला तर म्हणाला, “भारी लक्षण आहे, आतली विषं बाहेर पडायला लागलीत. डोस वाढवा.” वाढवला! मग लघवी चहासारखी काळपट आणि डोळे पिवळे.

इचलकरंजीत २०१२ ला काविळीची केवढी साथ येऊन गेली ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे घरात पहिला संशय पाण्यावरच. डॉक्टरांनी हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळं तपासलं. सगळं निगेटिव्ह. एसजीपीटी (यकृताची तपासणी) हजाराच्या वर. दारू वडील घेत नाहीत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात जे जे तोंडात जातंय ते सगळं पिशवीत घालून आणा, चूर्णसुद्धा. पिशवी त्यांच्या टेबलावर ओतली, त्यांनी एकेक डबा वाचला आणि सगळं बंद करा म्हणाले. दुसरं औषध फारसं नव्हतंच. हळूहळू उतरलं, वडील आज ठीक आहेत. पाहुण्याने नंतर बोलणं टाकलं, आमच्यामुळे त्याची एक ‘लेग’ (त्याच्या हाताखालची विक्रेत्यांची साखळी) तुटली म्हणे.

‘विष बाहेर पडतंय’ हे वाक्य कोणी म्हणालं, की त्याच दिवशी डबा बंद करा आणि लिव्हरची रक्ततपासणी करा. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

लक्ष्मीपुरी_मेडिकल

इचल_लूम, बरं झालं लिहिलंत. ही एकट्याची कहाणी नाही. २००७ साली इस्राएल आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी, डायरेक्ट सेलिंगमधली पोषण उत्पादनं घेणाऱ्यांना झालेल्या यकृताच्या इजेची प्रकरणं यकृतविकारांच्या मोठ्या नियतकालिकात छापली. काहींची इजा गंभीर होती. नेमका कुठला घटक, हे ठरवणं अवघड जातं, कारण एका माणसाच्या पोटात एकाच वेळी पाच-सहा डबे चाललेले असतात.

आता आत्यांच्या कॅप्सूलबद्दल. ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कपातला चहा नव्हे. २०१८ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं, की त्यातला ईजीसीजी हा घटक सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. आत्यांच्या कॅप्सूलमध्ये तो किती आहे? लिहिलेलंच नाही. गार्सिनियामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात ती घेणाऱ्या सहा जणांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही म्हणून. तो वाद बाजूला ठेवा. बंद कॅप्सूलमध्ये नेमकी कुठली वेल भरलीय हे काकूंना तरी कुठे माहीत आहे?

आणि कोच ताई, दुकान चालण्याचं म्हणाल तर सप्लिमेंट्स माझ्याही काउंटरवर आहेत आणि त्यावर मार्जिन औषधापेक्षा चांगलं मिळतं. पण मी कोणाला बीपीची गोळी अर्धी करायला सांगितली तर माझा परवाना जाईल. तुमच्या काकूंचं काय जाईल?

सीपीआर_रोड_लॅब

लॅबमधून एक भर. केस-त्वचा-नखांसाठी म्हणून ज्या गमी आणि गोळ्या विकतात, त्यात बायोटिन (एक जीवनसत्त्व) भरपूर असतं. बायोटिन स्वतः फारसं त्रास देत नाही, पण काही मशीनच्या तपासणीची पद्धतच बायोटिनवर चालते. तिथे थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येऊ शकतो. पेशंट धडधाकट, आणि रिपोर्ट म्हणतो थायरॉईड उसळलाय! हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिन तपासणी करतात तीही काही मशीनवर खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता.

रक्त घेताना आम्ही विचारतो, काही औषध चालू आहे का? उत्तर येतं, “नाही, औषध काही नाही.” कारण विकणाऱ्याने सांगितलेलं असतं, हे औषध नाही, अन्न आहे. आता मी विचारते, “डबा, पावडर, ज्यूस, कोणी दिलेली गोळी?” मग पर्समधून एकेक निघतं.

मोतीबाग_पोरगं

तालमीतल्या पोरांचं पण बघा कुणीतरी. थंडाई-बदाम सोडून डबेच चालू झाल्यात. वस्तादांना विचारत न्हाईत, इन्स्टावर बघून घेत्यात.

गोशिमा_क्वालिटी

मोतीबाग, २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. बाजारातले ३६ प्रोटीन पावडरचे डबे तपासले, त्यातल्या २५ मध्ये डब्यावर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. काहींत बुरशीचं अफलाटॉक्सिन, काहींत कीटकनाशकाचे अंश. म्हणजे ही भानगड फक्त डायरेक्ट सेलिंगची नाही, दुकानातल्या मालाचीही आहे. फरक एवढाच, की दुकानदार घरी येऊन चहा पीत नाही, त्यामुळे त्याच्यावर आपण जरा तरी शंका घेतो.

वहिनी_कळंबा

कोच ताईंच्या ‘चाळीस बायकां’बद्दल मला बोलायचंय, कारण मी त्यातली एक होते. कुठली कंपनी ते जाऊ दे.

महिन्याला दोन-तीन हजार येतात हे खरं, पण ‘ॲक्टिव्ह’ राहायला महिन्याचे ठरावीक पॉइंट भरावे लागायचे. ते भरायला आपणच माल घ्यायचा. माझ्या कपाटात एक्स्पायरी उलटलेले डबे कितीतरी पडले होते. टाकायला जीव होईना, म्हणून मी तारीख उलटलेली पावडर घरात पोरांना दिलीय. ही पण सेफ्टीचीच गोष्ट आहे ना? आणि मीटिंगमध्ये आम्हाला काय शिकवायचे? प्रॉडक्टची माहिती दहा मिनिटं, आणि ‘पेशंटने त्रास सांगितला तर काय बोलायचं’ हे अर्धा तास. ‘हीलिंग क्रायसिस’, म्हणजे त्रास होणं हेच बरं होण्याचं लक्षण, हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. आम्ही बारावी झालेल्या बायका, आम्हाला खरंच वाटायचं की असं असतं. इचल_लूम यांच्या पाहुण्यालाही तसंच वाटलं असणार, त्याला सोडून देऊ नका पण समजून घ्या.

कसबा_बावडा_वकील

कायद्याचं थोडक्यात सांगतो.

ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम, डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. त्यात विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही. किंमत, परतावा, माल परत घेण्याच्या अटी खऱ्या सांगायच्या. ‘तुम्ही आणखी दोघांना जोडा म्हणजे तुमचे पैसे वसूल’ असं आमिष दाखवून माल खपवायला मनाई आहे. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. आणि महत्त्वाचं: विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून तक्रार निघाली तर जबाबदारी कंपनीवर येते. ‘ते आमच्या डिस्ट्रिब्युटरने परस्पर सांगितलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

अडचण पुराव्याची असते. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ छापलेलं, म्हणजे कंपनी कागदावर स्वच्छ. रोग बरा करण्याची गोष्ट सगळी तोंडी, उंबरठ्याच्या आत, हळद-कुंकू आणि भिशीत. म्हणून ती निळ्या पेनाची चिठ्ठी सोन्यासारखी आहे. व्हॉट्सॲपवर आलेले ‘शुगर गेली’वाले व्हिडिओ, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, डब्याचा बॅच नंबर, हेही ठेवा.

अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाखांपर्यंत दंड आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, रक्तदाब असे रोग यादीने दिलेत आणि त्यात तोंडी केलेली जाहिरातही धरली आहे. अर्थात हा कायदा अन्नाला कितपत लागतो यावर समोरचा वकील भांडणार, ते गृहीत धरा.

तक्रार: ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री १८००२२२३६५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहक स्वतःही माल सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, मालात दोष निघाला तर फी परत मिळते. पण त्यात गंमत अशी, की ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. भिशीत हे सांगून बघा.

गंगावेस_कट्टा

ते सांगितलं तर भिशीचा नंबर पण जाईल वकीलसाहेब.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

अपडेट. आत्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डबे आणि चिठ्ठी दोन्ही नेलं. पोटॅशियम ५.६ आलं. डॉक्टरांनी नोनी, शेक, कॅप्सूल सगळं बंद केलं आणि ते लो सोडियम मीठही. नेमकं कशाने वाढलं ते सांगता येणार नाही म्हणाले, सगळ्यांचा मिळून हिशोब असेल. आठवड्याने परत तपासायचंय. यकृताचं ठीक आहे. आत्याने बीपीची गोळी अर्धी करायला सुरुवात केली होती, हे तिथे डॉक्टरांसमोर पहिल्यांदा कळलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. “पुढच्या वेळी काही घ्यायच्या आधी मला फोटो पाठवा” एवढंच म्हणाले. आत्या त्यावरच निम्मी वितळली. आता काकूंवर केस करायची नाही असं तिने बजावलंय. कंपनीकडे परताव्यासाठी मेल टाकलाय.

कसबा_बावडा_वकील

बरोबर केलंत, तक्रार कंपनीकडेच करायची. मेलमध्ये बॅच नंबर आणि चिठ्ठीचा फोटो जोडला नसेल तर परत टाका. फोन करून बोलू नका, सगळं लेखी ठेवा. फोडलेले डबे फेकू नका.

वेलनेस_कोच_कागल

मी धंदा सोडणार नाही हे आधीच सांगते. पण ते मिठाचं आणि टेल्मिसार्टनचं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या एकाही ट्रेनिंगला कोणी सांगितलं नाही. माझ्याकडून बीपीची माणसं नोनी नेतात. देताना काय विचारायचं ते मेडिकलवाल्यांनी सांगावं. टोमणे नकोत.

लक्ष्मीपुरी_मेडिकल

टोमणा नाही. चालू गोळ्यांची पाकिटं बघायला मागा. किडनी, लिव्हर, गरोदरपण, अंगावर पाजणारी बाई, ऑपरेशन जवळ आलेला माणूस, रक्त पातळ करायची गोळी, फिटची गोळी, किडनी बदललेला पेशंट, कॅन्सरचा उपचार: यापैकी काही असेल तर डबा देऊच नका, डॉक्टरांचा होकार आणा म्हणा. शुगरच्या माणसाला कारलं-गुडमारवालं काही देत असाल तर चालू गोळीबरोबर शुगर एकदम खाली जाऊ शकते, चक्कर येऊन पडतात. त्रास झाला तर ‘चालू ठेवा’ म्हणायचं नाही. आणि कोणाचीही गोळी कमी करायची भाषा करायची नाही, एक मिलिग्रॅमसुद्धा.

वेलनेस_कोच_कागल

एवढं विचारलं तर निम्मी गिऱ्हाइकं जातील.

वहिनी_कळंबा

जातील. माझी गेली होती.

प्रशासक

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात जॉइनिंगची लिंक होती, दुसऱ्यात एका कंपनीच्या स्थानिक लीडरचं नाव आणि घरचा पत्ता. दोन्ही चालणार नाही. चर्चा चालू ठेवा.